ट्रस्टच्या आवारातला वाडा, धोकादायक इमारतीची नोटीस आणि भाडेकरूंचा हक्क

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या शनिवार पेठेत एका धार्मिक ट्रस्टच्या मालकीचं आवार आणि त्यात एकमेकांना लागून पाच वाडे. तुम्ही मधल्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर राहता, आजोबांपासून भाडेकरू, भाडं महिना ६० रुपये. मागच्या भिंतीला पोट सुटलंय आणि पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची नोटीस आली आहे. ट्रस्टचे व्यवस्थापक म्हणतात, पाचही वाड्यांचा एकत्र पुनर्विकास होणार आहे, तोवर दुरुस्ती करणार नाही. शिवाय ट्रस्टच्या मिळकतीला भाडे नियंत्रण कायदा लागू नाही. जागा सोडावी का, दुरुस्ती करून घ्यावी का, आणि बाहेर पडलो तर हक्क जाईल का, असं तुम्ही विचारलंय.

व्यवस्थापकांचं कायद्याबद्दलचं म्हणणं चुकीचं आहे. एकत्र पुनर्विकासाचं म्हणणं कदाचित खरं असेल, पण तो निर्णय त्यांच्या एकट्याच्या हातातला नाही आणि त्याला वर्षं लागतात. भिंत तेवढं थांबणार नाही. म्हणून या आठवड्यात टेकू लावणं आणि भिंतीत जाणारं पाणी बंद करणं, एवढंच सगळ्यात आधी. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, पेठांमधल्या वाड्यांची तपासणी आणि दुरुस्ती हेच माझं काम. कायद्याचं जे लिहितोय ते या कामात सतत लागतं तेवढंच आहे. दावा उभा राहिलाच तर भाडेकरू-मालक प्रकरणं चालवणारा वकील गाठा.

जुन्या वाड्याची मागची भिंत बहुधा एकसंध नसते. आतल्या आणि बाहेरच्या अंगाला नीट रचलेल्या विटा किंवा दगड, आणि मधे माती-खडीचा भर. कोरडी असेल तोवर ती पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. पाणी आत मुरलं की मधला भर खाली बसत जातो, बाहेरचं अंग आतल्यापासून सुटतं, आणि ते आपल्याला पोट म्हणून दिसतं. वाड्याचा लाकडी सांगाडा, म्हणजे दगडी तळखड्यांवरचे खांब, खांबांवर तुळया आणि वर कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्यांचा मजला), हा बराचसा स्वतःच्या बळावर उभा असतो. पण मागच्या खणांतल्या, म्हणजे खांबांच्या दोन ओळींमधल्या भागातल्या, तुळयांचं एक टोक याच भिंतीत रुतलेलं असतं. भिंत बाहेर सरकली की ते टोक निसटतं आणि वरचा मजला खाली येतो. तुमच्या बाबतीत खरी भीती ही आहे.

पाणी कुठून येतं हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. मूळ बांधणीत वरच्या मजल्यावर मोऱ्या नव्हत्याच. घरोघरी नळ आल्यावर प्रत्येक बिऱ्हाडाने कोपरा धरून मोरी काढली, तिचा पाइप मागच्या भिंतीतून बाहेर नेला, आणि तो सांध्यात गळायला लागला की वरून सिमेंटचा गिलावा केला. माती-चुन्याच्या भिंतीवर सिमेंट चढवणं हा पेठांमधला सगळ्यात मोठा घात आहे. आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते, आणि बाहेरून भिंत धडधाकट दिसत असताना आत तिचा चिखल होत राहतो. छताच्या पन्हळी तुंबलेल्या असतील तर तेही पाणी त्याच भिंतीच्या डोक्यावर उतरतं.

आता तुम्ही स्वतः काय पाहायचं. भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडा आणि दर दोन फुटांवर दोरी ते भिंत किती अंतर आहे ते लिहून ठेवा. भेगेवर दोन्ही बाजूंना प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे ठिपके देऊन काचेची पट्टी आडवी बसवा आणि तिच्यावर तारीख घाला. पट्टी तडकली म्हणजे भिंत अजून सरकते आहे, आणि मग त्या खणात झोपायचं नाही. खांबांचा तळ तपासायचा असेल तर रंगावर भरवसा ठेवू नका. कसब्यातल्या एका वाड्यात तळमजल्यावरचा खांब दर दिवाळीला ऑइलपेंट दिल्यामुळे तुकतुकीत दिसत होता. तळखड्याच्या वर वीतभर अंतरावर मी पेचकस टेकवून जरा दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर रंगाचा पापुद्रा आणि आत वाळवीची माती, एवढंच उरलं होतं. त्या खांबाच्या बरोबर वर पहिल्या मजल्यावर ५०० लिटरची पाण्याची टाकी होती, भरली की अर्धा टन. अशी टाकी तुमच्याकडे मागच्या खणात असेल तर ती आजच रिकामी करा आणि जमिनीवर आणा.

टेकू लावताना तो तुळईखाली लावायचा, पोटाला नुसती तिरकी बल्ली टेकवून भागत नाही. खाली जाड फळी, वर फळी, मधे लोखंडी जॅक, आणि तो सरळ तळमजल्याच्या जमिनीपर्यंत उतरलेला हवा. पहिल्या मजल्याच्या कडीपाटावर टेकू उभा केला तर भार एका जागेवरून उचलून दुसऱ्या कमकुवत जागेवर ठेवल्यासारखं होतं. हे काम इंजिनिअर समोर असताना, वाड्यांची सवय असलेल्या सुताराकडून करून घ्या.

नोटिशीकडे येऊ. ती महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालची असणार. ती मालकाला तशीच भोगवटादारालाही (जागेत राहणाऱ्यालाही) असते, त्यामुळे 'आम्ही काय भाडेकरू' म्हणून खिडकीत ठेवून देऊ नका. धोकादायक इमारतींचे वर्ग आहेत. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करायची. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. तुमचा वाडा कोणत्या वर्गात आणि कोणाच्या अहवालावरून धरला आहे, हे लेखी मागा. मागच्या भिंतीचे दोन खण वाईट आणि उरलेला सांगाडा सागवानी, कोरडा, ठणठणीत, अशी स्थिती मी पुष्कळ वेळा पाहिली आहे, आणि अशा वाड्याला सी-१ लावणं योग्य नाही. महापालिकेच्या यादीवरच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून भाडेकरूंनी स्वतःचं ऑडिट करून घ्यावं, अहवाल क्षेत्रीय कार्यालयात दाखल करून पोच घ्यावी आणि संयुक्त पाहणीची मागणी करावी. पण अहवालात खरंच सी-१ निघालं तर तिथे राहू नका. हक्क वाचवण्यासाठी मोडक्या तुळईखाली लेकरं-म्हातारी झोपवणारी घरं मी पाहिली आहेत. त्याची गरज नाही, कारण इमारत पडल्याने किंवा पाडल्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनशी खिमजी प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे, आणि ते प्रकरण महापालिकेने पाडलेल्या इमारतीचंच होतं.

हक्क टिकतो, पण तो सिद्ध करायला कागद लागतो. बाहेर पडण्याआधी महापालिकेच्या अभियंत्यासमोर प्रत्येक बिऱ्हाडाची कार्पेट एरियाची मोजणी करून घ्या, नकाशावर मालकाची आणि भाडेकरूची सही घ्या. मालक सही देत नसेल तर तसा शेरा मारून घ्या. प्रत्येक खोलीचं चित्रीकरण करा. माळा, मोरी, गॅलरी, सामाईक संडास, काहीही सोडू नका. पुढे वाद याच फुटांवरून होतात. जागा 'महापालिकेच्या नोटिशीमुळे, भाडेकरूचा हक्क अबाधित ठेवून' तात्पुरती सोडत आहोत, असं पत्र मालकाला स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपा. भाडं भरणं थांबवू नका. बँकेतून द्या, घेत नसतील तर मनीऑर्डर करा आणि नाकारल्याची पावती जपा. भाडं थकलं की लगेच घराबाहेर काढता येत नाही, मालकाला आधी लेखी मागणी करून ९० दिवस थांबावं लागतं. तरीही त्याला ही संधी द्यायचीच कशाला?

भाडेपावती कोणाच्या नावावर आहे? पेठांमध्ये अर्ध्या पावत्या अजून आजोबांच्या नावाने निघतात. कायद्याने भाडेकरू वारल्यावर हक्क आधी त्याच्यासोबत त्या जागेत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. म्हणून तुमचं तिथलं राहणं दाखवणारे कागद, शिधापत्रिका, मतदार यादी, लाईट बिल, मुलांच्या शाळेचे दाखले, हे पिढीवार लावून ठेवा. ज्यांनी कोथरूडला किंवा सिंहगड रोडला फ्लॅट घेतला आणि वाड्याला कुलूप लावलं, त्यांची बाजू मात्र कमकुवत असते. सलग ६ महिने सबळ कारणाशिवाय जागा वापरात नसेल तर ताबा मागायला मालकाला तेवढं कारण पुरतं. तुमच्या वाड्यात अशी कुलपं असतील तर त्या शेजाऱ्यांना आजच सांगा.

आता ट्रस्टचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मिळकतींना लागू नाही, मोठ्या कंपन्या आणि बँका भाडेकरू असतील तर त्यांनाही नाही. सार्वजनिक ट्रस्टला अशी आपोआप सूट नाही. राज्य सरकार अधिसूचना काढून धर्मादाय वापराच्या किंवा सवलतीच्या भाड्याने दिलेल्या ट्रस्टच्या जागांना वगळू शकतं. व्यवस्थापकांना ती अधिसूचना दाखवायला सांगा. ट्रस्टला एक वेगळं कारण मात्र कायद्याने दिलं आहे. स्वतःच्या उद्दिष्टांसाठी जागा हवी असेल तर ती न्यायालयात मागता येते, तिथेही कोणाची अडचण जास्त हे तपासलं जातं. ही सगळी प्रकरणं लघुवाद न्यायालयात चालतात.

ट्रस्टचा खरा वेगळेपणा पुनर्विकासात दिसतो. सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकायची, बदलायची किंवा ३ वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ३६ ते हेच. बिल्डरबरोबरच्या विकसन करारात जमिनीचा हक्क जात असेल तर तोही यात येतो. मूल्यांकन, जाहीर निविदा, आक्षेप, सुनावणी, असा तो प्रवास आहे. त्यात विश्वस्तांमध्ये आपसात वाद असतील, विश्वस्त बदलल्याची नोंद करण्याचे अर्ज वर्षानुवर्षं पडून असतील, तर सही करण्याचा अधिकार कोणाला हाच पहिला प्रश्न उभा राहतो. म्हणून धर्मादाय कार्यालयातून त्या ट्रस्टच्या नोंदवहीचा उतारा काढा आणि विश्वस्त म्हणून आज कोणाची नावं आहेत ते पाहा. नगर भूमापन कार्यालयातून पाचही वाड्यांची मालमत्ता पत्रकं काढा. सत्ताप्रकार (जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे) काय, देवस्थान इनाम वर्ग ३ (देवस्थानाला इनाम दिलेली जमीन) अशी नोंद आहे का, बोजा आहे का, हे त्यात दिसतं. इनामाची नोंद असेल तर सरकारची परवानगीही मधे येते.

शनिवार पेठेत याहूनही आधी पाहायची गोष्ट म्हणजे शनिवारवाड्यापासूनचं अंतर. शनिवारवाडा केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. त्याच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीने परवानगी घ्यावी लागते. तुमचं आवार पहिल्या १०० मीटरमध्ये असेल तर पाच वाडे पाडून इमारत उभी करण्याची योजना मुळातच कागदावर राहणार, आणि दुरुस्ती हाच तिथला मार्ग. १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी त्या पट्ट्यातही अर्ज करता येतो. नदीच्या बाजूला असाल तर निळ्या पूररेषेचंही, म्हणजे नदीच्या पुराच्या आखलेल्या हद्दीचंही, बघा. १९६१ च्या पानशेतच्या पुरात याच काठचे वाडे गेले. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, हेही हेरिटेज सेलमध्ये विचारून घ्या. हे सगळं एका आर्किटेक्टला काही दिवसांत समजतं, तरी लोक वर्षानुवर्षं कोणी तरी सांगितलेल्या फ्लॅटच्या आशेवर बसून राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मालकाच्या बाजूनेही पाहिलं पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यावर बांधून टाकली. पुढची पन्नास वर्षं त्यातून पन्हळी बदलण्याइतकंही उत्पन्न येत नव्हतं. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मलपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात ही गोठवलेली भाडी आता वाजवी राहिली नाहीत असं म्हटलं, आणि १९९९ च्या कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढीची सोय आली. ६० रुपयांवर ४ टक्के म्हणजे दोन रुपये चाळीस पैसे. ट्रस्ट दुरुस्ती टाळतो तेव्हा त्यामागे नेहमी डाव असतोच असं नाही, पुष्कळदा पेटीत पैसाच नसतो.

दुरुस्ती करून देणं हे कायद्याने मालकाचं काम आहे. त्याने केलं नाही तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतात आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतात. पण वर्षभराच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. तुमचं वर्षाचं भाडं ७२० रुपये, वळते होणार १८० रुपये. आठ बिऱ्हाडं धरली तरी १,४४० रुपये. एक जॅक भाड्याने आणण्यात ते संपतात. तरीही ती नोटीस पाठवाच. मालकाला कळवलं होतं आणि त्याने केलं नाही, याचा तो पुरावा आहे. प्रत्यक्ष पैसा मात्र वर्गणीतूनच उभा करावा लागेल, आणि ट्रस्टने निदान लेखी संमती तरी द्यावी असा आग्रह धरा. संमतीशिवाय पक्कं बांधकाम करू नका, ते जागा खाली करून मागण्याचं कारण ठरतं. भिंत उतरवून तशीच पुन्हा चुन्यात बांधणं, कुजलेलं टोक कापून तुळईला नवीन सागवानाचा जोड देणं, कौलं उतरवून वासे-रिपा बदलणं ही दुरुस्ती झाली. कडीपाट काढून स्लॅब टाकणं ही दुरुस्ती नव्हे. जुन्या खांबांवर तो भार घालणं धोक्याचंही आहे.

म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे अर्ज करा, असा सल्ला तुम्हाला मुंबईचे नातेवाईक देतील. उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींचं ते मंडळ मुंबई शहरापुरतं आहे, पुण्याला लागू नाही.

यापुढचं मी विशेष करून सांगतो. मालक एकच आहे ही तुमच्यासाठी चांगली गोष्ट आहे, फक्त तिचा उपयोग अजून कोणी केलेला दिसत नाही. पेठांमधले वाडे एकमेकांच्या आधाराने उभे असतात. पुढच्या वाड्याचं गटार मधल्याच्या चौकाखालून जातं, दोन वाड्यांमध्ये भिंत एकच असते, एकाच्या वळचणीचं पाणी दुसऱ्याच्या जोत्यात मुरतं. पाच मालक असते तर पन्हळीच्या पाण्यासाठी पाच ठिकाणी हातापाया पडावं लागलं असतं. इथे एका संमतीत सगळ्या आवाराचं गटार, सगळी मागची भिंत, सगळं छत हाती घेता येतं. पुनर्विकास शक्य असेल तरी हेच खरं. डिसेंबर २०२० पासूनच्या राज्याच्या एकत्रिकृत विकास नियमावलीत एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते, रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून आहे. अरुंद बोळातल्या सुट्या वाड्यावर सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) आणि पार्किंग बसत नाही, पाच भूखंड एकत्र झाले तर बसतं. म्हणून पाचही वाड्यांतल्या भाडेकरूंचा एकच संघ करा, एकच इंजिनिअर आणि एकच वकील नेमा. एकेका वाड्याने व्यवस्थापकांशी वेगळं बोलणं सुरू केलं की पुढच्या वाड्याला रोख रक्कम, मागच्याला आश्वासन आणि मधल्याला नोटीस, अशी वाटणी होते.

पुनर्विकासाची बोलणी झालीच तर प्रत्येक भाडेकरूचा नोंदणीकृत करार, त्यात मोजणीप्रमाणे कार्पेट एरिया, नवीन जागा मालकीने की भाड्यानेच, बांधकाम चालू असतानाचं भाडं आणि त्यासाठी बँक हमी, हे सगळं जागा सोडण्याआधी. आणि एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही: कोणता वाडा आधी पाडणार? पुढचा वाडा आधी उतरवला तर मधल्या वाड्याची सामाईक भिंत उघडी पडते, आणि शेजारी नवीन पायासाठी खोल खणलं की जुन्या उथळ जोत्याखालची माती सरकते. पाडण्याचा क्रम, मधल्या वाड्याला द्यायचे टेकू आणि खोदाईचं अंतर, हे इंजिनिअरच्या सहीच्या नकाशावर करारासोबत जोडून घ्या. तुमचा वाडा मधला आहे, त्यामुळे ही मागणी बाकी चौघांच्या आधी तुम्हालाच करावी लागेल.